गुन्हा रक्तात असतो काय?



रात्री गावात घरफोडी होते. सकाळी पंचनामा होतो, आणि पोलिसांची गाडी वळते ती गावाबाहेरच्या माळावर उभ्या असलेल्या पालांकडे. तेथे फासेपारध्यांची चार-दोन कुटुंबे असतात. पुरावा असो वा नसो, दोन तरुण उचलले जातात. पालातील मडकी फुटतात, बायका-मुले रानोमाळ पांगतात. हे दृश्य महाराष्ट्राला अपरिचित नाही. त्याहून अधिक परिचित आहे ते त्यानंतर पारावर आणि दिवाणखान्यात सहज उच्चारले जाणारे वाक्य : "त्यांच्या रक्तातच आहे ते!"

आजच्या व्याख्यानाचा विषय हे एक वाक्य आहे. ते बोलणारा माणूस दुष्ट नसतो. तो शिकलेला, देवभीरू, मुलाबाळांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून धडपडणारा असतो. आपण शास्त्रीय सत्य बोलत आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. अलीकडे तर 'जनुक' हा शब्दही त्याच्या मदतीला आला आहे. म्हणूनच या वाक्यामागे शास्त्र किती आणि अन्याय किती, हे एकदा नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

तूरिनची कवटी

'जन्मजात गुन्हेगार' या कल्पनेला शास्त्राची वस्त्रे प्रथम चढविली ती इटलीतील डॉक्टर चेझारे लोम्ब्रोसो याने. १८३५ साली व्हेरोना येथे जन्मलेला लोम्ब्रोसो पुढे तूरिन येथे प्राध्यापक झाला. १८७० च्या सुमारास दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांतातल्या विलेला नावाच्या एका कैद्याची कवटी त्याच्या हाती आली. कवटीच्या मागील भागात, आतल्या बाजूस, त्याला एक खळगा आढळला. असा खळगा माणसापेक्षा खालच्या पायरीवरील प्राण्यांत असतो, असे त्याचे म्हणणे. त्यावरून त्याने सिद्धान्त मांडला की, गुन्हेगार हा उत्क्रांतीच्या वाटेवर मागे राहिलेला मनुष्य होय. १८७६ साली त्याचा 'गुन्हेगार माणूस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुंद जबडा, उंच गालफडे, बाहेर आलेले कान, वेदनेची बोथट जाणीव, अंगावरील गोंदण, अशी जन्मजात गुन्हेगाराची लक्षणे त्यात सांगितली होती.

युरोपात या ग्रंथाने खळबळ उडवली. परंतु इंग्लंडमधील तुरुंगांचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी तीन हजारांहून अधिक कैद्यांची मोजमापे घेतली आणि इतर नागरिकांशी त्यांची तुलना केली. १९१३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोम्ब्रोसो सांगत होता तसा गुन्हेगाराचा वेगळा शारीरिक साचा त्यांना आढळला नाही. स्वतः लोम्ब्रोसोलाही आधीच माघार घ्यावी लागली होती. 'जन्मजात' गुन्हेगारांचे प्रमाण त्याने उत्तरायुष्यात सुमारे एक तृतीयांशावर आणून ठेवले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इटलीचे एकीकरण नुकतेच झाले होते. उत्तर संपन्न आणि सत्ताधारी, तर दक्षिण दरिद्री आणि अस्वस्थ. अशा वेळी उत्तरेतील विद्वानाला गुन्ह्याचे बीज सापडले ते दक्षिणेतील गरीब माणसाच्या कवटीत! ज्याच्या हाती मोजपट्टी असते, त्याच्या स्वतःच्या डोक्याचे माप सहसा घेतले जात नाही. लोम्ब्रोसोचा सांगाडा मात्र त्याच्याच इच्छेनुसार तूरिनच्या संग्रहालयात आज ठेवलेला आहे, आणि विलेलाची कवटी गावी परत मिळावी म्हणून त्याच्या गावाने या शतकात न्यायालयीन लढाही दिला.

कायद्याने ठरविलेले गुन्हेगार

लोम्ब्रोसोचा ग्रंथ येण्याच्या पाच वर्षे आधीच भारतात इंग्रज सरकारने एक कायदा केला होता : १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. म्हणजे हा कायदा लोम्ब्रोसोच्या ग्रंथावरून केलेला नव्हता. दोन्ही एकाच काळाच्या हवेतून जन्मले. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तसाच चोराचा मुलगा चोर होणार, असा सरळसोट युक्तिवाद या कायद्याच्या पाठीशी होता.

कायद्याचा आशय असा की, सरकारने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. जमातीतील माणसांची नोंदवही ठेवली जाई. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचीही सोय झाली. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ साली सर्व देशभर लागू करण्याची तरतूद झाली आणि १९२४ साली त्याला एकत्रित रूप मिळाले. मुंबई इलाख्यात सोलापूरला काटेरी तारांच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. सोलापूरकरांच्या तोंडी ती 'सेटलमेंट' या नावानेच राहिली. तेथील माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरीला कुंपणाआड परतत. त्यांनी काय गुन्हा केला, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने गौण होता. जन्म हाच पुरावा होता.

आता या जमाती कोण होत्या, ते पाहू. बंजारा समाज बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ देशभर पोहोचवीत असे. सरकारने मिठावर मक्तेदारी बसविली, १८५३ पासून रेल्वे धावू लागली आणि तांडे थांबले. पारधी हा फासे लावून शिकार करणारा समाज. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावर सरकारी कुलूप पडले. पुढे स्वतंत्र भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलीसुरली शिकारही गुन्हा ठरली. वन्यजीव राखायलाच हवेत, पण शिकाऱ्याने त्यानंतर काय करून पोट भरावे, याचे उत्तर कोणी दिले नाही.

रामोशी समाजाचे उदाहरण तर महाराष्ट्राने कधीच विसरू नये. गडकोटांची राखण आणि गावाची जागल हे त्यांचे परंपरागत काम. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि त्यांची वतने धोक्यात आली. पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईकांनी इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले आणि १८३२ साली ते पुण्यात फासावर गेले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांनी शस्त्र उचलले, तेव्हा त्यांच्या पाठीशी प्रथम उभे राहिले ते रामोशीच. हा समाज आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्यांच्या भरवशावर गावे निर्धास्त झोपत होती, त्यांनाच पुढे गाव संशयाने पाहू लागले. दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. बदलले होते ते राज्य आणि रोजगार.

स्वातंत्र्य आले तेव्हा सव्वाशेहून अधिक जमाती या शिक्क्याखाली होत्या. १५ ऑगस्ट १९४७ ला त्या मुक्त झाल्या नाहीत. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या समितीने शिफारस केल्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. देशानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी! म्हणून हा समाज ३१ ऑगस्ट हा दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळतो.

आपल्या घरातील दोष

सगळे पाप इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होता येईल काय? प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच द्यावे लागेल. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याची खोड येथे आधीच मुरलेली होती. परकीय राज्यकर्त्याने तिला फक्त सरकारी मोहोर दिली, आणि कायदा गेल्यावरही समाजाने ती मोहोर पुसली नाही. बाळासाहेब देवरसांनी १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत जन्माधिष्ठित विषमतेविरुद्ध निःसंदिग्ध भूमिका मांडली, ती हीच खोड ओळखून. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ते वाचताना मराठी मध्यमवर्ग अस्वस्थ झाला. परंतु त्या अस्वस्थतेचे आचरणात रूपांतर फारच थोड्या घरांत झाले.

नवे शास्त्र काय सांगते?

येथे एखादा सुशिक्षित श्रोता विचारील, "कवटीचे शास्त्र खोटे ठरले, हे मान्य. पण जनुकांचे काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळता कामा नये.

पहिला नमुना सावध करणारा आहे. १९६५ साली स्कॉटलंडमधील एका सुरक्षा-रुग्णालयातील पुरुषांत नेहमीच्या एका 'वाय' गुणसूत्राऐवजी दोन 'वाय' असणाऱ्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. लगेच 'गुन्हेगारीचे गुणसूत्र' सापडल्याचा गाजावाजा झाला. शिकागोत १९६६ साली आठ परिचारिका-विद्यार्थिनींचा खून करणाऱ्या रिचर्ड स्पेकलाही ते आहे, अशी बातमी पसरली. तपासणीत त्याची गुणसूत्रे सर्वसामान्य निघाली. १९७६ साली डेन्मार्कमधील चार हजारांहून अधिक उंच पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांत असे बारा पुरुष आढळले, आणि ते विशेष हिंसक असल्याचा पुरावा मिळाला नाही. पुरुषांत हजारात सुमारे एकाला हे अधिकचे गुणसूत्र असते. त्यांतील बहुतेक जण निमूटपणे संसार करीत असतात.

दुसरा नमुना अधिक गंभीर आहे. १९९३ साली नेदरलंडमधील एका कुटुंबातील अनेक पुरुषांच्या हिंसक वागण्याचा संबंध एका जनुकातील बिघाडाशी जोडला गेला. मेंदूतील काही रसायनांचे विघटन करणाऱ्या विकराचे हे जनुक. संपूर्ण बिघाड अत्यंत दुर्मीळ असतो. परंतु त्या विकराची क्रिया मंद असणारा प्रकार अगदी सामान्य आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे एक तृतीयांश जणांत आढळतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या एक हजाराहून अधिक बालकांचा मागोवा संशोधक वर्षानुवर्षे घेत आहेत. त्यांचा २००२ सालचा निष्कर्ष असा की, मंद प्रकार असलेल्या ज्या मुलांचा बालपणी छळ झाला, ती पुढे अधिक प्रमाणात हिंसक झाली. पुरुषांत त्यांचे प्रमाण १२ टक्के होते, पण हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांत त्यांचा वाटा ४४ टक्के होता. मंद प्रकार असूनही ज्यांचे बालपण मायेत गेले, त्यांच्यात मात्र असा फरक दिसला नाही. पुढील सर्वच अभ्यासांत हा निष्कर्ष तितक्याच ठामपणे आलेला नाही. पण त्याने दाखविलेली दिशा महत्त्वाची आहे. बीज कसलेही असले तरी जमीन, पाणी आणि माळ्याचा हात यांचे मोल कमी होत नाही.

तिसरा नमुना आकड्यांचा. डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९४७ या काळात दत्तक गेलेल्या १४,४२७ मुलांच्या नोंदी अभ्यासून १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या जन्मदात्या आणि दत्तक अशा दोन्ही आईबापांना कधी शिक्षा झाली नव्हती, अशा मुलग्यांपैकी साडेतेरा टक्क्यांना शिक्षा झालेली होती. ज्यांच्या फक्त जन्मदात्यांना शिक्षा झाली होती, त्यांच्यात हे प्रमाण वीस टक्के होते. म्हणजे अनुवंशाचा काही वाटा आहे, हे नाकारता येत नाही. हा संबंधही मालमत्तेच्या गुन्ह्यांपुरता दिसला, हिंसक गुन्ह्यांत दिसला नाही. परंतु त्याच आकड्याची दुसरी बाजू पाहा. गुन्हेगार बापाच्या शंभर मुलग्यांपैकी ऐंशी जणांच्या नावावर एकही शिक्षा नव्हती. त्या शंभरांनाही चोर समजून डांबणारा कायदा ऐंशी निरपराधांवर अन्याय करतो. १८७१ चा कायदा नेमके हेच करीत होता.

आणखी एक मर्म येथे आहे. हे सारे अभ्यास व्यक्ती आणि कुटुंबे यांचे आहेत. एखादी संपूर्ण जात वा जमात जन्मतः गुन्हेगार असते, असे यांतील एकही अभ्यास सांगत नाही. जनुकांचे नाव घेऊन जमातीवर बोट ठेवणारा माणूस शास्त्र बोलत नसतो, लोम्ब्रोसोची कवटीच पुन्हा उकरून काढीत असतो.

रक्तापेक्षा ताट महत्त्वाचे

शरीराचा आणि वर्तनाचा संबंध आहेच. पण तो कोठे सापडतो? इंग्लंडमधील एका तुरुंगात २३१ तरुण कैद्यांवर प्रयोग झाला. काहींना जीवनसत्त्वे, खनिजे आणि आवश्यक स्निग्धाम्ले यांच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, पोषक गोळ्या घेणाऱ्यांच्या हातून शिस्तभंगाचे प्रकार सुमारे २६ टक्क्यांनी कमी घडले. नेदरलंडमधील २०१० सालचा प्रयोगही त्याच दिशेने बोलतो. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे जन्मापासून पाहणीखाली असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या रक्तात शिशाचे प्रमाण अधिक होते, त्यांना मोठेपणी अधिक वेळा अटक झाल्याचे २००८ साली दिसून आले. हे शिसे वाडवडिलांनी दिलेले नसते, ते जुन्या घरांच्या रंगातून आणि धुळीतून येते.

म्हणजे 'रक्तात आहे' हे वाक्य एका अर्थी खरे ठरते. कुपोषण रक्तात असते, शिसे रक्तात असते, गर्भारपणी उपाशी राहिलेल्या आईचे अशक्तपण रक्तात असते. पण ते तेथे जातीने आणलेले नसते, समाजाच्या दुर्लक्षाने आणलेले असते.

पाश्चात्त्य वाट कोठे गेली?

'गुन्हा रक्तात' हे मान्य केले की पुढची पायरी रक्तच थांबविण्याची येते. अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यात 'अट्टल गुन्हेगार' ही वर्गवारी होती. १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातील कॅरी बक या गरीब तरुणीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिची आई, ती आणि तिची तान्ही मुलगी अशा तिन्ही पिढ्या मंदबुद्धी ठरविण्यात आल्या होत्या. ती मुलगी पुढे शाळेत गेली आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत तिचे नाव लागले. आजाराने आठव्या वर्षीच ती गेली. अमेरिकेत अशा साठ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९३३ साली जर्मनीत नाझी राजवटीने तसाच कायदा केला. त्या वाटेचा शेवट जगाने पाहिला आहे.

याच सिद्धान्ताचे टोक उलटही वळते. २००९ साली इटलीतच, त्रिएस्तच्या अपील न्यायालयाने एका खुन्याची शिक्षा एका वर्षाने कमी केली. जनुकीय तपासणीचा अहवाल हे त्याचे एक कारण होते. जनुकाने माणूस जन्मतः दोषी ठरवायचा, किंवा जनुकाच्या आडून त्याला जबाबदारीतून सोडायचे, या दोहोंतही माणसाचा पुरुषार्थ हरवतो.

वाल्याची परंपरा

वाटमाऱ्या वाल्याचा महर्षी वाल्मीकी झाला, ही कथा या देशात घराघरांत सांगितली जाते. ज्या समाजाने आपला आदिकवी म्हणून अशा पुरुषाला वंदन केले, त्याच्या तोंडी 'रक्तातच आहे' हे वाक्य शोभत नाही. वाल्याची कथा त्याला निर्दोष ठरवीत नाही. पापाचा वाटा कोणी उचलणार नाही, हे त्याला बजावते आणि बदलाचे दार उघडे ठेवते.

हे दार महाराष्ट्रात प्रत्यक्ष उघडलेलेही आहे. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंत नसलेली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची ती कल्पना होती आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी तिला आश्रय दिला. शिक्षा झालेले कैदी तेथे शेती करीत, कुटुंबासह राहत. त्याच माणदेशातील गदिमांची कथा घेऊन व्ही. शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट आठवतो, पण त्यामागचे स्वतंत्रपूर फारसे कोणाला ठाऊक नसते.

तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा प्रकल्प हा त्याच मार्गावरचा पुढचा टप्पा. भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानच्या वतीने १९९३ साली तेथे पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. गिरीश प्रभुणे यांच्यासारखे कार्यकर्ते पालापालांत राहिले, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजविल्या, आणि मग मुले शाळेत आली. प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. परंतु या कामाची खरी पावती म्हणजे ज्या मुलांना जग 'चोराची पोरे' म्हणत होते, ती अन्न, आसरा आणि माया मिळताच इतर कोणत्याही मुलांसारखी शिकू लागली. ड्युनेडिनचा निष्कर्ष येण्याआधी नऊ वर्षे हे काम सुरू झाले होते.

काम मात्र संपलेले नाही. भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०१८ मध्ये अहवाल दिला, त्याआधी २००८ साली बाळकृष्ण रेणके आयोगाने दिला होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरविले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी हे सांगावे लागले, यातच सारे आले.

न्यायालय आदेश देऊ शकते. घरातील वाक्य मात्र घरातच बदलावे लागते. प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने एवढे तरी करावे. चोरी झाल्यावर पालांवरून कोणी उचलला गेला, तर ठाण्यात जाऊन 'पुरावा काय?' असे शांतपणे विचारावे. खरा चोर सापडला तर त्याला शिक्षा व्हावी, मग तो कोणत्याही जातीचा असो. वस्तीतील मुलांची नावे शाळेत घालावीत, दाखल्यांसाठी तहसील कचेरीत त्यांच्या आईबापांसोबत उभे राहावे.

आणि घरातील माता-भगिनींनी, शिक्षकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. वर्गात कोणाची तरी कंपासपेटी हरवते. सर्वांत आधी कोणाचे दप्तर उघडले जाते, ते पाहावे. ते दप्तर दरवेळी एकाच मुलाचे असेल, तर १८७१ चा कायदा त्या वर्गात अजून चालू आहे. तो रद्द करण्यासाठी संसदेची गरज नाही. गुरुजींनी ते दप्तर न उघडता त्या मुलाला जवळ बसवून घेतले, तरी पुरे आहे.

भारत माता की जय!